एकशे चाळीस चादरी

लाँड्रीची शुक्रवारची गाडी निवाऱ्यावर गेलीच नाही, हे ताईला कळलं शनिवारी संध्याकाळी, आणि तेही घरच्या माणसाकडून नव्हे. मेट्रनचा फोन आला. मेट्रन म्हणजे निवाऱ्याची प्रमुख. मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त होऊन तिला बारा वर्षं झाली होती, पण सगळा परिसर तिला अजून मेट्रनच म्हणायचा आणि तिचा आवाजही अजून वॉर्डात फिरल्यासारखाच होता.

"तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही," मेट्रन म्हणाली. "मी फक्त विचारतेय. आमच्या चादरी कालपासून व्हरांड्यात पडून आहेत. एकशे चाळीस. न्यायच्या नसतील तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही गेटाकडे डोळे लावून बसणार नाही."

ताई पायात चपला सरकवून तशीच निघाली.

निवारा त्यांच्या घरच्या लाँड्रीपासून वीस मिनिटांवर. घर सोडावं लागलेल्या चाळीसेक बायका आणि त्यांची मुलं तिथे राहायची. मागच्या अंगणात दोघी जणी मोठ्या टबात चादरी बुडवून थंड पाण्यात खसाखसा घासत होत्या. पायरीवर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. बोटांच्या बेचक्यांत इतकं खाजवत होती, की शेवटी तिथून जाणाऱ्या एका बाईनं काही न बोलता तिचे दोन्ही हात धरून ठेवले. व्हरांड्यात पोती रचलेली होती आणि प्रत्येकावर लाल शाईत ठसठशीत लिहिलं होतं: खरूज. वेगळं धुवा.

"मीच लिहिलं," मेट्रन म्हणाली. "लपवायचं कशाला? तुमच्या माणसांनी उघड्या हातानं उचललं असतं तर त्यांनाही झाली असती. नऊ मुलांना शाळेनं घरी पाठवलंय. सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावलं. पण अंगाला मलम आणि खाली तीच चादर, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

ताईनं तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. तो आधी नेटवर्क नाही म्हणाला, मग गाडीचं चाक म्हणाला. शेवटी म्हणाला, "बाई, मला धाकट्या साहेबांनी नको सांगितलं. त्यांनाच विचारा ना. माझं कशाला मरण!"

धाकटे साहेब म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

तिनं त्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. लाँड्रीतले चौघं भागीदार, म्हणजे आई, काका, ताई आणि भाऊ, महत्त्वाचं काही ठरवायचं असलं की रविवारी सकाळी आईच्या जेवणाच्या टेबलाशी बसत. ताईनं आईला एवढंच कळवलं, "उद्या सगळ्यांना बोलव." आईनंही का ते विचारलं नाही.

*

भाऊ आला तोच तयारीनं आला. पांढरा शुभ्र शर्ट, हातात फाइल. गिऱ्हाइकाकडे जाताना जसा जायचा तसाच आईकडे आला होता, आणि त्यावरूनच ताईनं ओळखलं, की त्याला सगळं माहीत आहे. त्याच्या मागून भावजय आली. ती भागीदार नव्हती. चौकात तिचं औषधांचं दुकान होतं. पण रविवारचा चहा तिनंच करायचा असा शिरस्ता पडून गेला होता. काका आधीच येऊन खिडकीजवळची खुर्ची पकडून बसले होते. चाळीस वर्षं बॉयलरपाशी उभं राहून त्यांचा डावा कान गेला होता. ज्याचं बोलणं पटत नसे त्याच्याकडे ते डावा कान करत. आज तो ताईच्या बाजूला होता.

"शुक्रवारी गाडी कोणी थांबवली?" ताईनं विचारलं.

"मी," भाऊ म्हणाला. "आणि तू ओरडायच्या आधी पूर्ण ऐकून घे."

"मी ओरडतेय का?"

"तू ओरडत नाहीस हेच वाईट लक्षण आहे."

आई हसली.

भावानं फाइल उघडली नाही. नुसता तिच्यावर हात ठेवला. गोष्ट अशी झाली होती. मंगळवारी आपली गाडी निवाऱ्याची पोती घेऊन तशीच हॉटेलच्या मागच्या दाराशी गेली. धुतलेल्या चादरींच्या ट्रॉल्या उतरवताना हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या बाईनं गाडीत डोकावून पाहिलं आणि ती लाल अक्षरं वाचली. गुरुवारी मॅनेजरचा फोन आला. यापुढे निवाऱ्याचे कपडे धुणार नाही असं सोमवारी सकाळी आठपर्यंत लेखी द्या, नाहीतर आमच्या तिन्ही हॉटेलांचं धुणं दुसरीकडे जाईल.

"आणि तू काय म्हणालास?"

"देतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?"

"मला न विचारता."

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं," ताई म्हणाली.

काकांनी घसा खाकरला. "तिन्ही हॉटेलं म्हणजे आपलं निम्म्याहून जास्त काम. चेष्टा नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, पण आपली चूल विझवून कोणी भाजत नाही."

"काका, तिथे नऊ मुलं शाळेतून परत आलीत. बायका थंड पाण्यात चादरी धुतायत. थंड पाण्यानं काही होत नाही. मी काल स्वतः बघून आलेय."

"मला वाईट वाटत नाही असं वाटतं का तुला?" भावाचा आवाज चढला. "मी राक्षस आहे का? पण आपल्याकडेही बासष्ट माणसं कामाला आहेत. त्यांनाही मुलं आहेत. ती शाळेत जातात ती आपल्या पगारावर. तू निवाऱ्याला धुऊन देतेस, वाचनालयाचे पडदे धुतेस, शाळेच्या पोरांच्या खेळाचे कपडे, रक्तदानाच्या चादरी, सगळं फुकट. बक्षीस-समारंभात तुला पुढच्या रांगेत बसवतात. मला त्याचं काही नाही. पण ताई, लोक तुला हात जोडतात, आणि मी रोज गिऱ्हाइकांना हात जोडतो, तेव्हा कुठे तुझं ते दान उभं राहतं."

ताईला ते लागलं, आणि लागलं याचं कारण ते खोटं नव्हतं. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, गेले त्या वर्षी अर्धी गिऱ्हाइकं सुटली होती. तेव्हा हाच पोरगा, जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा, एकेका हॉटेलच्या मागच्या दाराशी तास तास उभा राहिला होता. ती तेव्हा आत मशिनं सांभाळत होती. तिनं ते दार कधी पाहिलंच नव्हतं.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली.

एवढ्या लवकर खरं आहे म्हटल्यावर भावाला पुढचं वाक्य सुचेना.

"पण अप्पा असते तर..." त्यानं सुरुवात केली. "अप्पा असते तर आधी धंदा म्हणाले असते."

"अप्पांनीच निवाऱ्याचं धुणं सुरू केलं," ताई म्हणाली. "ते असते तर गाडी थांबली नसती."

"अप्पा व्यवहारी होते!"

"अप्पा दिलेला शब्द पाळणारे होते!"

"झालं तुमचं?" आईनं विचारलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. ऐंशी वर्षांची ती बाई बोलताना घाई करत नसे आणि दुसऱ्यालाही करू देत नसे. "पहिलं गाठोडं मी आणलं होतं. तुमचे अप्पा नाही म्हणाले होते. घरचं झालं थोडं म्हणाले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी गाडी काढून स्वतः दुसरं गाठोडं घेऊन आले आणि कसलं ते न सांगता मशिनपाशी टाकलं. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर आहात. आता त्या माणसाला सोडा. जो गेला त्याला मत नसतं. तुमचं काय ते बोला."

काकांनी मान हलवली. "आठ नाही, अकरा दिवस. माझ्याशीसुद्धा बोलत नव्हता. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

भावजयीनं चहा आणून ठेवला आणि एरवी जशी आत जायची तशी गेली नाही. रिकामा ट्रे पोटाशी धरून उभी राहिली.

"मी एक सांगू का?" ती म्हणाली. "खरजेचा किडा साठ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटंही टिकत नाही. आपल्याकडे चादरी पंचाहत्तरला धुतात आणि वर इस्त्रीच्या गरम रोलरखालून जातात. हॉटेलच्या चादरींना काही होणं शक्य नाही. हे मी गुरुवारीच सांगितलं होतं."

भावानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी आपल्याच खुर्चीचा पाय मोडल्यावर पाहतं. "तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"तुमच्या. म्हणून आधी घरी बोलले. तुम्ही ऐकलं नाही, म्हणून आता इथे बोलतेय. निवाऱ्याचं मलम माझ्याच दुकानातून गेलंय. चादरी अशाच पडून राहिल्या तर तेच मलम महिनाभर विकत बसेन मी. मला असलं गिऱ्हाईक नको."

"किडा मरतो हे मलाही कळतं गं," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "मॅनेजरलाही कळत असेल. प्रश्न किड्याचा नाहीच. त्याच्या हॉटेलात उतरलेल्या माणसाला नुसतं कळलं, की आपल्या उशीचा अभ्रा आणि निवाऱ्याची चादर एकाच ड्रममध्ये फिरली, की तो बॅग उचलणार. त्या भीतीला तू किती अंशांवर धुणार?"



"मी मार्ग काढलाय," तो पुढे म्हणाला. "निवाऱ्याला आपण दोन नवी मशिनं घेऊन देऊ. घरगुती, चांगली. वर अप्पांच्या नावाची पाटी. एकदाच दिलं की झालं. त्यांचं ते धुतील."

"एकशे चाळीस चादरी घरगुती मशिनात?" ताई म्हणाली. "एका वेळी चार मावतात. तेवढं गरम पाणी त्यांच्याकडे नाही, सुकवायला जागा नाही. महिन्याभरात मशिनं बंद पडतील आणि पाटी तेवढी लखलखत राहील. देणग्या द्यायला पुष्कळ लोक येतात तिथे. परवा कोणीतरी भिंतीवरचं घड्याळ देऊन गेलं, पाचवं. धुऊन द्यायला मात्र कोणी येत नाही, कारण त्यात हात घालावा लागतो."

तेवढ्यात काकांनी खुर्ची वळवली. उजवा कान टेबलाकडे आला.

"म्हातारी आहे की," ते म्हणाले.

सगळ्यांनी आधी आईकडे पाहिलं.

"ही नाही! मागच्या शेडमधली. पहिलं मशिन. अकरा वर्षं बंद आहे, पण वाफेची लाइन अजून जोडलेली आहे. पट्टा बदलावा लागेल, दाराचं रबर गेलं असेल. बाकी ड्रम तांब्यासारखा ठणठणीत आहे. निवाऱ्याचं तिच्यात धुवा. शेड वेगळं, दार वेगळं, जुनी छोटी गाडी वेगळी ठेवा. हॉटेलचा संबंध संपला."

भाऊ सरळ होऊन बसला. "काका, हे चालेल. हे मी मॅनेजरला सांगू शकतो."

"नाही," ताई म्हणाली.

आता मात्र सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

"नाही म्हणजे?" आईनं विचारलं.

"इतकी वर्षं त्यांच्या चादरी सगळ्यांबरोबर धुतल्या. त्यांचं काही वेगळं नाही, हेच तर आपलं म्हणणं होतं. आता मागच्या शेडात, मागच्या दारानं, जुन्या मशिनात? म्हणजे मॅनेजर म्हणतो तेच खरं, असं आपण कबूल केलं. उद्या वाचनालयाचे पडदेही तिकडेच जातील. परवा गरिबाचं सगळंच तिकडे."

आपण अडून बसलो आहोत हे तिला कळत होतं, आणि अडून बसणं कुठे संपतं आणि ठाम राहणं कुठे सुरू होतं, ते मात्र कळत नव्हतं.

भावजयीनं ट्रे टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत ती नणंदेला कधी उलटून बोलली नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "राग मानू नका. धुणं त्यांचं आहे, अभिमान तुमचा आहे. तिथल्या पोरांना रात्रीची झोप हवी आहे. चादर कुठल्या मशिनातून आली, हे ती विचारणार नाहीत."

ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, पेला भरला, प्यायली नाही. तिच्या डोळ्यांसमोर पायरीवरची ती मुलगी नव्हती. तिचे हात धरून बसलेली ती बाई होती. ती बाई कोणाला काही पटवत बसली नव्हती. तिनं हात धरले होते, बस.

ती परत आली तेव्हा काका म्हातारीच्या पट्ट्याची लांबी बोटांनी टेबलावर मोजत होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "म्हातारीत धुवू. खरूज जाईपर्यंत. त्यानंतर निवाऱ्याच्या चादरी पुन्हा मोठ्या मशिनावर येतील, हे आजच ठरवायचं. आणि दुसरं. पत्रात खरं लिहायचं. निवाऱ्याचं धुणं आम्ही धुतो आणि धुणार. सध्या वेगळ्या मशिनात धुतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही."

"ताई, असं लिहिलं तर ते जातील."

"जातील कदाचित."

"मग बासष्ट माणसांचं काय?"

"एकालाही घरी बसवायचं नाही. गेलेलं काम मी शोधून आणेन. इतकी वर्षं तू मागच्या दाराशी हात जोडून उभा राहिलास. आता मी राहते. मशिनं तू सांभाळ."

भावानं तिच्याकडे पाहिलं. थट्टा करते आहे का, हे तो शोधत होता.

"तू?" तो म्हणाला. "तू गिऱ्हाइकाकडे जाणार? पहिल्याच दिवशी त्याला डागांवर व्याख्यान देशील."

"देईन. डाग पडले असतील तर ऐकायला नको?"

काका खदखदून हसले. आईनं हात वर केला, जसा शाळेत करतात तसा. "माझं मत ताईला. चहा गार होतोय." काकांनीही हात वर केला आणि दुसऱ्या हातानं कप उचलला.

भावानं हात वर केला नाही. फाइल उघडून मॅनेजरसाठी आधीच टाइप करून आणलेलं पत्र काढलं, त्याची घडी घातली आणि बशीखाली सरकवलं.

"पत्र मी लिहितो," तो म्हणाला. "तुझी भाषा गिऱ्हाइकाला झेपणार नाही."

*

म्हातारीनं त्यांना दुपारभर रडवलं. शेडचं कुलूप आधी तेल घालून, मग हातोडीनं उघडावं लागलं. धुलाई विभागाची मुकादम रविवारची सुट्टी सोडून आली. तिच्याबरोबर आणखी तिघी आल्या, कोणी न बोलावता. "निवाऱ्यात माझी मावशी होती दोन वर्षं," एकीनं एवढंच सांगितलं आणि झाडू हातात घेतला.

पट्टा बसला, पण रबर बसेना. भाऊ पांढऱ्या शर्टात ड्रमच्या तोंडाशी वाकून रबराची कड आत दाबत होता आणि काका पलीकडून ओरडत होते, "अरे, लोणी लावल्यासारखं नको! रट्टा दे!" त्यानं रट्टा दिला. रबर बसलं आणि त्याच क्षणी पाइपमध्ये साठलेलं अकरा वर्षांचं पाणी त्याच्या शर्टावर आलं. मुकादम तोंड फिरवून हसली. भाऊही हसला, शर्ट काढून बाजूला फेकला आणि बनियनवरच कामाला लागला. ताईनं त्याला असं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना. तो गिऱ्हाइकांत, ती मशिनांत. दोघं एका शेडात वाकून उभी आहेत असं वर्षानुवर्षं घडलंच नव्हतं.

काकांनी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. पाइपमधून आधी खोकल्यासारखे आवाज आले, मग फुसफुस, मग सरळ एकसुरी घरघर. चाचणीला त्यांनी गोदामातली जुनी आच्छादनं टाकली. भावजय दुकान बंद करून थर्मामीटर घेऊन आली होती. पाण्याच्या नळकांड्याला तो लावून ती घड्याळ बघत उभी राहिली.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. मग, "चौसष्ट." मग बराच वेळ काहीच नाही. काकांनी व्हॉल्व्हला आणखी एक फेरा दिला. "बाहत्तर... चौऱ्याहत्तर. आणि आहे तसंच आहे. धरून ठेवतेय म्हातारी."

"धरणारच," काका म्हणाले, आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कोणी त्यांच्यामागे गेलं नाही.

*

सोमवारी पावणेआठला छोटी गाडी हॉटेलच्या मागच्या दाराशी उभी राहिली. भाऊ चालवत होता, ताई शेजारी. हे मागचं दार तिनं पहिल्यांदाच पाहिलं: कचऱ्याचे डबे, भाजीचे क्रेट, भिंतीला टेकलेली एक मोडकी खुर्ची.

"ही तुझी खुर्ची?" तिनं विचारलं.

"नाही. मला कधी बसायला सांगितलं नाही."

मॅनेजर सडपातळ, हळू बोलणारा माणूस होता. त्यानं पत्र उभ्यानंच वाचलं, मग परत वाचलं.

"मी यात वेगळं लिहायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

ताईनं तोंड उघडलं, पण त्याआधी भाऊ बोलला. "हो, आणि मी लिहिणारही होतो. लिहून दिलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, आणि आम्ही गुपचूप धुतलं असतं किंवा गुपचूप सोडलं असतं. दोन्ही लबाडीच. तुमच्या चादरींना धोका नाही. मशिन वेगळं आहे, गाडी ही अशी वेगळी आहे. तुम्ही कधीही, न सांगता या आणि बघा. पण त्या बायकांचं धुणं आम्ही बंद करणार नाही. सतरा वर्षांत माझ्याकडून एकदाही उशीर झाला नाही साहेब, एकही उशीचा अभ्रा कमी आला नाही. त्यावर ठरवा."

मॅनेजरनं पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

"हे हॉटेल माझ्या हातात आहे," तो म्हणाला. "इथलं काम चालू ठेवतो. मी येऊन बघेन, नक्की येईन. पण बाकीच्या दोन ठिकाणांचे मॅनेजर वेगळे आहेत. त्यांनी कालच दुसरीकडे बोलणं केलंय. मला थांबवता येणार नाही."

"तोंडावर सांगितलंत, बरं केलंत," ताई म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं.

गाडीत बसल्यावर भावानं चावी फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या डब्यांकडे बघत राहिला. दोन हॉटेलं गेली होती. कोणी रागावून काढलेलं काम नव्हतं, ज्याचं भांडण करून परत मिळवता येईल. ते असंच, सभ्यपणे गेलं होतं.

"डोळ्यांचं हॉस्पिटल आहे," ताई म्हणाली. "त्यांचं धुणं कोण करतं ठाऊक नाही. आणि त्या नव्या वसतिगृहाचं. मी उद्यापासून निघते."

"उद्यापासून नाही. दुपारपासून." त्यानं चावी फिरवली. "आणि पहिले दोन दिवस मी बरोबर येतो. डागांवर बोललीस तर पाय दाबेन टेबलाखालून."

निवाऱ्याच्या गेटाशी मेट्रन उभीच होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग आत कोण बसलंय ते पाहिलं. ताईकडे ती वळलीच नाही. सरळ भावाच्या खिडकीशी आली.

"शुक्रवारी गाडी आली नाही," ती म्हणाली.

ताईला वाटलं, आता हा सांगेल: ड्रायव्हर, चाक, गैरसमज. गिऱ्हाइकाची समजूत घालण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

भाऊ खाली उतरला. "मी येऊ दिली नाही," तो म्हणाला. "आमचं एक मोठं काम जाईल म्हणून घाबरलो. ते काम तसंही गेलं. थोडंसं राहिलंय."

मेट्रननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्या बनियनवाल्या दुपारचं काही माहीत नसताना म्हणाली, "शर्ट बदला. पोती अंगाला लागतील."

"लागू देत. पंचाहत्तरला धुतो आम्ही."

तिनं त्याच्या हातात रबरी हातमोज्यांची जोडी ठेवली. व्हरांड्यातल्या बायका थोड्या बाजूला सरकल्या. त्यानं हातमोजे चढवले, पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. ते चांगलंच जड होतं, त्याचा एक पाय लटपटला आणि पुन्हा रोवला गेला. गाडीत पोतं टाकून तो परत वळला, तेव्हा ताई दार उघडून उतरत होती.

"तू बस," तो म्हणाला. "हॉस्पिटलला फोन लाव, दुपारची वेळ घे. इथली मी आणतो."